सरांच्या मते

गेल्या काही वर्षांत ‘चिकित्सक बुद्धी’ या शब्दांना आमच्या व्यवसायात बरे दिवस आले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांचा पुरस्कार केला. धोरणामागून परिपत्रके आली, परिपत्रकांमागून कार्यशाळा आल्या, आणि त्या कार्यशाळांत पडद्यावर जे जे दाखविण्यात आले ते ते आम्ही सर्वांनी, कोणतीही चिकित्सा न करता, मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. शब्द तसा आमच्या भाषेस नवा नव्हे. वैद्य रोग्याची करतो ती चिकित्सा आणि पंडित ग्रंथाची करतो तीही चिकित्साच. परंतु घरात हा शब्द कानी पडतो तो निराळ्या स्वरात. ‘जेवणाच्या बाबतीत भारी चिकित्सक आहेत हो,’ असे सासूबाई जावयाविषयी म्हणतात तेव्हा त्या त्याची स्तुती करीत नसतात. आणि ‘फार चिकित्सा करू नकोस’ हे वाक्य ज्याने लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकले नाही, असा वाचक विरळा. म्हणजे ज्या गुणाची वाढ आम्ही वर्गात करावयाची, त्या गुणाचे नाव विद्यार्थी घरून दूषण म्हणून ऐकून येतो. ही अडचण आमच्या पाहण्यातील एकाही परिपत्रकात नमूद नाही.

आम्ही स्वतः या विषयाकडे वळलो ते धोरणामुळे नव्हे, एका उत्तरपत्रिकेमुळे. आम्ही इतिहास शिकवितो. आमचे महाविद्यालय चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानपट्टीतले. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून त्याच्या कक्षेतले. अंतर्गत चाचणीत आम्ही येथील प्राचीन स्थापत्यावर टीप लिहावयास सांगितली होती. रात्री गठ्ठा घेऊन बसलो. ‘वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा येथील मंदिरसमूह हा हेमाडपंती शैलीचा उत्कृष्ट नमुना होय,’ हे वाक्य पहिल्या पत्रिकेत होते, दुसरीत होते, दहावीत होते. वाक्य आमचेच, त्यातील ‘होय’सुद्धा आमचा. वर्षानुवर्षे आम्ही ते याच शब्दांत सांगत आलो आणि मुले याच शब्दांत परत करीत आली. एखाद्याने उसने नेलेले भांडे घासून-पुसून परत आणून द्यावे तसा हा व्यवहार चालला होता, आणि त्यात कोणाचीच तक्रार नव्हती.

गठ्ठ्याच्या मध्यावर एका मुलाची पत्रिका आली. वाक्य तेच, पण आरंभी दोन शब्द अधिक होते: ‘सरांच्या मते’.

आम्हांस तो आगाऊपणा वाटला. लाल लेखणीने आम्ही ते दोन शब्द खोडले आणि अर्धा गुण कमी केला. ही गोष्ट लिहिताना आज संकोच होतो, परंतु ती घडली आहे. पुढल्या पाच-सहा पत्रिका तपासून होईतो ते शब्द मनातून जाईनात. आमचे मत! खरोखर ते आमचे मत होते काय? आमच्या विद्यार्थिदशेत आमच्या गुरुजींनी तेच वाक्य आम्हांस लिहून दिले होते. मत बनविण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. उठून कपाटातील ग्रंथ काढले. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मार्कंड्याची देवळे तज्ज्ञांच्या मताने त्याच्या पुष्कळच आधीची. चुन्यावाचून दगडावर दगड रचलेले देऊळ दिसले की त्याला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे, तिलाच आम्ही इतिहास समजून वीस-बावीस वर्षे मुलांच्या वह्यांत भरीत होतो. त्यांपैकी कित्येक आज आश्रमशाळांतून शिक्षक आहेत. ते काय सांगत असतील हे निराळे विचारावयास नकोच.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात चूक कबूल केली व अर्धा गुण परत केला. त्या मुलास विचारले, ‘तुला शंका आली होती काय?’ तो म्हणाला, ‘शंका नाही सर. पुस्तकात शोधलं, सापडलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून तुमचं नाव लिहिलं.’ त्याने आमचे वाक्य खोडून काढले नव्हते. ते कोणाचे आहे एवढेच प्रामाणिकपणे नोंदविले होते. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापून आमच्या विद्येला जे वळण लावण्याचा प्रयत्न केला, ते याहून फारसे निराळे नव्हते: कागद कोणता, कोणी लिहिला, केव्हा लिहिला. आम्ही राजवाड्यांवर दरवर्षी एक व्याख्यान देत होतो. तेही बहुधा लिहूनच देत होतो.

तेव्हापासून आठवड्याचा एक तास आम्ही या कामी राखून ठेवला. त्यांतला पहिला पाठ जमला तो असा. वर्गात तीन कागद वाटले. प्रत्येकावर एका नगराच्या स्थापनेची कथा चार ओळींत लिहिलेली. राजाचे, नदीचे व गावाचे नाव मात्र कोरे ठेवलेले. राजा शिकारीस निघाला. नदीकाठी त्याच्या कुत्र्यांवर एक ससा उलटून धावला. राजास आश्चर्य वाटले. ज्या भूमीत सशाला एवढे बळ येते ती राजधानीस योग्य असे ठरले. ‘ही कथा कोठली?’ असे विचारताच सगळा वर्ग एका आवाजात गर्जला, ‘आपल्या चंद्रपूरची!’ खांडक्या बल्लाळशाहाची, झरपट नदीच्या पाण्याने त्याची व्याधी गेल्याची आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या सशाची ही गोष्ट येथे शेंबड्या पोरासही ठाऊक असते. त्या ठिपक्यावरूनच गावाचे नाव पडले असे मानणारेही आहेत. मग आम्ही कोऱ्या जागा भरल्या. पहिला कागद तुंगभद्रेकाठच्या विजयनगरचा, दुसरा साबरमतीकाठच्या अहमदाबादचा, आणि तिसरा तेवढा आमचा.

वर्गात आधी हशा, मग कुजबूज, आणि मग बराच वेळ शांतता. एकाने विचारले, ‘सर, मंग राजा खोटा, का राजाचा ससा खोटा?’ प्रश्न अचूक होता. आम्ही तो फळ्यावर लिहून घेतला. मूलकडच्या एका मुलाने सांगितले की कुत्र्यावर धावणारा ससा त्याने रानात कधी पाहिला नाही, पण टिटवी घरट्यासाठी कुत्र्याच्या डोक्यावर झेप घेते हे रोज पाहिले आहे. तेव्हा दुबळे जनावर उलटते ही गोष्ट अगदीच खोटी म्हणता येणार नाही. दुसऱ्याने एका गावाने दुसऱ्याची गोष्ट उचलली असावी असा तर्क केला. तिसरीने लगेच विचारले, ‘कोणी कोणाची?’ विजयनगर १३३६ चे म्हणून सांगतात, अहमदाबाद १४११ चे, आमचा बल्लाळशाह त्यानंतरचा. पण गाव केव्हाचे हे कळले म्हणजे गोष्ट केव्हाची हे कळत नाही. आमच्या कथेचा जुना छापील आधार शोधीत मागे गेले की मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालाशी येऊन ठेपावे लागते. गोंडांचे राज्य १७५१ साली भोसल्यांकडे गेले, भोसल्यांचे १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले, आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी सारा ठरविण्यासाठी लिहिलेल्या कागदात चारशे वर्षांपूर्वीचा ससा पळताना दिसतो. मेजरसाहेबांस ही हकीकत कोणी सांगितली, सांगणाऱ्याचे त्यात काय होते, हे प्रश्न मुलांनी आपण होऊन काढले. इतका चांगला तास आमच्या नोकरीत क्वचितच झाला असेल, असे म्हणत आम्ही खडू खाली ठेवीत होतो.

तोच मागच्या बाकावरून एक गोंड मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिचा आवाज आम्ही हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. ती म्हणाली, ‘सर, आमच्याच राजाच्या गोष्टीचं असं का केलं? तुमच्या देवाच्या गोष्टीला असे कागद लावणार का?’

उत्तर देण्यापूर्वी घंटा झाली, याबद्दल आम्ही त्या वेळी घंटेचे आभार मानले. परंतु आठ दिवस तो प्रश्न आमच्या मागे होता. आम्ही ससा का निवडला? तो शिकविण्यास सोयीचा म्हणून; पण सोयीचा का? त्याच्या खरेखोटेपणाने आमच्या घरातील काहीच हलत नव्हते म्हणून. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील चांदीचा कस पाहणे हे धैर्याचे काम नव्हे. पुढल्या तासास आम्ही आमच्या मातोश्रींनी सांगितलेली गोष्ट घेऊन गेलो. जैमिनीच्या अश्वमेधातील भद्रावती नगरी ती आमच्या येथली भद्रावतीच, आणि युवनाश्वाचा श्यामकर्ण घोडा भीमाने येथूनच नेला, हे आम्ही लहानपणी देवापुढील दिव्याइतके खरे मानीत होतो. त्याच गावच्या विजासन टेकडीतील लेणी बौद्धांची आहेत. भद्रावती नावाचे गाव कर्नाटकातही आहे. आणि पोथीतील नगरीच्या नावाचे गाव सापडले म्हणजे नगरी सापडली असे होत नाही. हे सारे आम्ही आमच्या तोंडाने सांगितले. सांगताना आवाज थोडा बदलला असावा, कारण मुले फार शांत होती. त्या मुलीने शेवटी एवढेच म्हटले, ‘ससा नसला तरी परकोट आहे सर. जटपुरा दरवाजा आहे.’ राजाला सशाची गरज नव्हती, हे तिने आमच्या आधी ओळखले होते.

बांबूचा पाठ याच्या मानाने सोपा गेला, आणि त्यात मौजही अधिक आली. ‘बांबू हे झाड की गवत?’ एवढाच प्रश्न. विज्ञानशाखेकडून आलेल्या मुलांनी ताबडतोब ‘गवत’ असे सांगितले व ते बरोबरच आहे. मग आम्ही १९२७ चा भारतीय वन कायदा पुढे ठेवला. त्यातील वृक्षाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट घातलेला. जे वनस्पतिशास्त्रात गवत ते कायद्यात वृक्ष! तोडणाऱ्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. वृक्ष म्हटला की तो सरकारी इमारती माल ठरतो, आणि त्यावर गावाचा हात चालत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपजात बसविले व त्याची मालकी वनहक्कधारकांस दिली. धानोरा तालुक्यातील मेंढा गावास २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु तोडलेला बांबू रानाबाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यावयाचा, यावर गाडे अडले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे तत्कालीन वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१७ साली १९२७ च्या कायद्यातील त्या व्याख्येतूनही बांबू वगळण्यात आला. नव्वद वर्षे वृक्ष असलेली वनस्पती एका वटहुकुमाने वृक्ष राहिली नाही, आणि रानात उभ्या असलेल्या एका काठीलाही त्याचा पत्ता लागला नाही.

‘तर मग परीक्षेत काय लिहाल?’ असे आम्ही विचारले. एक मुलगा म्हणाला, ‘कोणत्या पेपरात, सर?’ सगळे हसले. आम्हीही हसलो, परंतु या उत्तरात चिकित्सा किती आणि व्यवहारचातुर्य किती, याचा निवाडा आम्हांस अजून करता आलेला नाही. बुरडाच्या घरचा एक मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, ‘आमच्या घरी झाड का गवत, असं कोणी पुसत नाही. हिरवा का वाळला, एवढंच पुसतात.’ वाळल्या बांबूची कामटी निघत नाही, सूप विणले जात नाही. व्याख्या कोणाच्या हाती आहे एवढेच आम्ही पाहत होतो. व्याख्या कोणाच्या उपयोगाची, ही तिसरी बाजू त्याने दाखविली.

मेंढ्याचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा पुष्कळांस ठाऊक असते; परंतु देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल व गावकरी यांनी तेथे जो अभ्यासगट चालविला, त्याची वार्ता आमच्या महाविद्यालयांपर्यंत फारशी पोचलेली नाही. गावापुढील प्रश्न आधी अभ्यासगटात चर्चेस येतो. तेथे कोणीही यावे, बाहेरच्याने आपली माहिती सांगावी, हवे ते विचारावे. मात्र अभ्यासगटाने निर्णय करावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. कोणाचे मन वळले नसेल तर विषय थांबतो. जेथे लगेच काही ठरवावयाचे नसते तेथे माणूस आपली शंका मोकळेपणी बोलतो आणि दुसऱ्याची ऐकूनही घेतो, हे मानसशास्त्र त्या गावाने ओळखले. आमच्या वर्गांस ते उमगले नाही. आमच्या येथे वक्तृत्वस्पर्धा होतात. त्यांत विषय कसलाही असो, अखेरीस एक ढाल असते.

या ढालीच्या संस्कारापासून आम्हीही मुक्त नाही, हे पुढल्या पाठाने दाखविले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती व्हावी म्हणून २०१० साली बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली, आणि २०२१ साली उठली. इतका जवळचा विषय दुसरा कोणता मिळणार? आपल्या शास्त्रकारांची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तोही असा की प्रतिपक्षाने ‘हेच आमचे म्हणणे’ असे म्हणावे, मग उत्तर. आम्ही तीच रीत घातली. ज्याचे जे मत असेल त्याने त्याच्या उलट पक्ष मांडावयाचा. प्रारंभ उत्तम झाला. एक मुद्दा तर आम्हांसही सुचला नव्हता: बंदीच्या काळात पकडलेल्या दारूचा आकडा एक पक्ष बंदी फसल्याचा पुरावा म्हणून देतो आणि दुसरा पक्ष बंदी चालू असल्याचा पुरावा म्हणून देतो, म्हणजे तो आकडा पोलिसांनी किती पकडली एवढेच सांगतो, लोक किती प्याले हे सांगत नाही.

मग एका मुलीचे नाव पुकारले. बंदी असावी असे तिचे मत. तिने ती उठविण्याच्या बाजूने बोलावयाचे होते. ती उठली, म्हणाली, ‘सर, मी बोलणार नाही. आमच्या घरी या प्रश्नाला दुसरी बाजू नाही,’ आणि खाली बसली. तिच्यानंतरच्या मुलाने, ज्याला दारूचे सुख नाही की दुःख नाही, दोन्ही बाजू सारख्याच सफाईने मांडून टाळ्या घेतल्या.

त्या दिवशी आमच्या लक्षात आले की आम्ही त्या मुलीस जे करावयास सांगत होतो त्यास विचार म्हणावयाचे की नाटक, याचा विचार आम्हीच केला नव्हता. मिल्ल यांच्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरील प्रबंधाचे आम्ही विद्यार्थिदशेपासून भक्त. विरुद्ध पक्ष, तो ज्यांस मनापासून खरा वाटतो त्यांच्याच तोंडून ऐकावा, असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही मात्र मुलांस तो खोट्या तोंडाने बोलावयास लावीत होतो. आमचे एक सहकारी म्हणतात की कडू विषयावरच बुद्धी पाजळते, आणि त्या मुलीस मोकळे सोडून आम्ही तिचे नुकसान केले. तसे असेलही. ज्याच्या घरी दारूने कोणी मेलेले नाही त्याला तटस्थपणा स्वस्त पडतो, असे आम्ही त्यांस उत्तर दिले. त्यावर ते म्हणाले, ‘आणि ज्याच्या घरी मेले आहे त्याने कधीच विचार करू नये काय?’ हा वाद आमच्यात अद्याप मिटलेला नाही. पाठ आम्ही चालू ठेवला आहे. उलट पक्ष घेण्याची सक्ती मात्र काढून टाकली. ज्यास बोलावयाचे नसेल त्याने ऐकून एक प्रश्न लिहून द्यावा, एवढेच मागतो. त्या मुलीने त्या दिवशी प्रश्न दिला नाही. पुढल्या आठवड्यात तिची चिठ्ठी आमच्या टेबलावर होती: ‘दारूचा महसूल मोजतात. बाकीचं कोण मोजतं?’

या चिठ्ठीचे उत्तर वर्गात तीन तास चालले, तो वृत्तांत येथे देत नाही. तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

‘सरांच्या मते’ लिहिणाऱ्या त्या मुलाची गोष्ट आम्ही नंतरच्या प्रत्येक वर्गास आवडीने सांगत आलो. आमची चूक, खोडलेले शब्द, परत केलेला अर्धा गुण, सारे काही. गेल्या चाचणीत मार्कंड्याचा प्रश्न पुन्हा घातला आणि रात्री गठ्ठा सोडला. पहिल्या पत्रिकेत होते: ‘सरांच्या मते मार्कंड्याची मंदिरे हेमाडपंताच्या पूर्वीची होत.’ दुसरीत होते: ‘सरांच्या मते मार्कंड्याची मंदिरे हेमाडपंताच्या पूर्वीची होत.’ दहावीत तेच होते. तळाशी मात्र एक पत्रिका निघाली. तीत एवढेच लिहिले होते की सर सांगतात ते बरोबर असेल, पण मार्कंड्याला जाऊन आलो, तेथे कोणत्याही दगडावर साल सापडले नाही, तेव्हा तज्ज्ञांना ते कसे कळले हे सरांनी वर्गात सांगितलेले नाही.

सांगितले नव्हते, हे खरे. आम्ही लेखणी बाजूस ठेवून कपाटाकडे गेलो.